चोवीस महिन्यांची गाडी

"मग मुदत किती धरू, सर?" शोरूमच्या टायवाल्या विक्रेत्याने विचारलं आणि मी उगाच फाईल चाळायला लागलो. तोपर्यंत माझं बरं चाललं होतं. मी तयारीने आलो होतो. फाईल होती, फाईलमध्ये आणखी दोन शोरूमचे भाव होते, बायकोने तिच्या अक्षरात लिहून दिलेले प्रश्न होते. गाडी लीजवर घ्यायची, म्हणजे विकत नाही घ्यायची, दरमहा भाडं भरायचं आणि मुदत संपली की किल्ली त्यांच्या हातात ठेवून घरी यायचं, एवढं तर कुणालाही कळतं. पण भाडं कशावर लावतात, परत देताना ओरखडे कोण मोजतं, वर्षाला किती किलोमीटरपर्यंत तोंड बंद ठेवतात, हे सगळं मी आठ दिवस बसून वाचलं होतं. मुदतही वाचली होती. चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. कागदावर तीन चौकटी होत्या आणि त्यातल्या एकीत खूण करायची होती. पण टायवाल्याने तो प्रश्न तोंडाने विचारला, आणि तो विचारताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे सोफ्याकडे गेली. तिथे बाबा बसले होते. समोर वॉकर उभा करून, त्याच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून. शोरूमची फरशी इतकी चकचकीत होती की आत येताना ते दारातच थांबले होते. ओली नाही हे मी दोनदा सांगितलं तरी त्यांना पटलं नाही, शेवटी मी बूट काढून मोज्यांनी चालून दाखवलं. टायवाला तेव्हाही बघत होता. या लोकांना बघण्याचाच पगार मिळतो, असं माझं मत आहे.

मुदत किती धरू. साधा प्रश्न आहे. मी कितीतरी लोकांना याहून वाईट प्रश्न रोज विचारतो.

ही गाडी मला नको होती. मला गाड्यांची हौस नाही, आणि एसयूव्ही नावाच्या त्या उंच, फुगलेल्या प्रकाराची तर नाहीच. आमच्या गल्लीत ती वळवताना माझ्या नाकी नऊ येणार आहेत. पण गेल्या महिन्यात इस्पितळाच्या दारात आमच्या जुन्या छोट्या गाडीतून बाबांना बाहेर काढायला मला वीस मिनिटं लागली. कंबरेचं हाड मोडून ते बसवल्यापासून त्यांना खोल बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही. मी त्यांच्या काखेत हात घातले, मग कंबरेला धरलं, मग पुन्हा काखेत. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. रखवालदार आला आणि मदत करायच्या ऐवजी मला शिकवायला लागला. ओढताना बाबांची विजार खाली सरकली. एक हात माझ्या गळ्यात होता, दुसऱ्या हाताने त्यांनी ती धरून ठेवली आणि मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. ओरडले असते, मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, निदान माझं ओझं हलकं झालं असतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, उंच गाडी घ्यायची. ती लगेच हो म्हणाली, कपाटातून बँकेची पासबुकंही घेऊन आली. मग म्हणाली, "पण विकत नको. लीजवर घेऊ. नंतर आपल्याला एवढी मोठी गाडी कशाला?" ती मनाने वाईट नाही, बाबांची औषधं माझ्यापेक्षा तिलाच पाठ आहेत. तिने तो 'नंतर' अगदी सहज उच्चारला आणि तिलाच तो ऐकू आला. ती उठून ओटा पुसायला लागली. ओटा पुसलेलाच होता. मी म्हणालो, "बरोबर आहे, लीजच परवडेल." तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात आहे आणि कुणीच त्याला बाहेर काढत नाही.

मी काय काम करतो ते सांगायला हवं, म्हणजे टायवाल्याच्या प्रश्नाने मला काय झालं ते कळेल. मी जुन्या यंत्रांचं मूल्यांकन करतो. एखादा कारखानदार बँकेकडे कर्ज मागतो, तारण म्हणून यंत्रं दाखवतो, आणि बँक मला पाठवते. मी यंत्राला हात लावतो, चालू करायला लावतो, आवाज ऐकतो, तेल कुठे गळतं ते बघतो, कामगारांशी दोन शब्द बोलतो, आणि अहवाल लिहितो. अहवालातला शेवटचा रकाना असतो, उरलेलं आयुष्य. त्यात आकडा लिहावाच लागतो, रिकामा रकाना बँक घेत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा माझे मोठे साहेब म्हणाले होते, तुला जे वाटेल त्यातून एक वर्ष वजा कर आणि मग लिही. यंत्र जास्त टिकलं म्हणून कुणी कोर्टात जात नाही. सव्वीस वर्षं मी एक वर्ष वजा करत आलोय. आता मुद्दाम करावं लागत नाही, मनात आकडा येतो तोच कापलेला येतो. एकदा एका छापखान्यातल्या यंत्राला मी दोन वर्षं लिहिली. त्या दोन वर्षांमुळे मालकाला कर्ज निम्मं मिळालं आणि नवं यंत्र घ्यायचं त्याचं राहूनच गेलं. अकरा वर्षांनी तो मला एका कार्यालयात भेटला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. "अजून चालू आहे बरं का," तो हसून म्हणाला. आणि माझा हात धरून त्याने तो जरा जास्तच वेळ दाबला.

हृदयाचे डॉक्टर मागच्या वेळी माझ्याशी बाहेर येऊन बोलले होते. आत बाबा शर्टाची बटणं लावत होते, दार अर्धवट उघडं होतं. मी विचारलं नव्हतं, डॉक्टरच म्हणाले, "हाडाचं काही नाही, पण हृदय थकलंय. नीट सांभाळलंत तर तीन वर्षं सहज." मी मान हलवली. जिना उतरताना माझ्या मनात दोनचा आकडा तयार होता.

"चोवीस महिने," मी टायवाल्याला म्हणालो. हळूच म्हणालो. त्याने लिहून घेतलं आणि मोठ्याने म्हणाला, "चोवीस! उत्तम." उत्तम काय होतं त्यात, देव जाणे. मी मागे वळून बघितलं, बाबांचे डोळे मिटलेले होते.

मग घासाघीस सुरू झाली. खरं तर आधीच हरलो होतो, आणि ते टायवाल्याला ठाऊक होतं. झालं असं होतं की आल्याआल्या मीच मूर्खासारखा म्हणालो, आधी यांना बसवून बघू. दार उघडलं, बाबा पाठमोरे झाले, सीटची कड त्यांच्या मांडीला लागली, ते मागे टेकले आणि पाय आत घेतले. झालं. दहा सेकंद. कुणी हात धरला नाही, कुणी ओढलं नाही. सीटची उंची मोजायला मी घरून टेप आणली होती, ती खिशातच राहिली. बाबांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. बाहेर नुसता रस्ता होता आणि पलीकडे टायरचं दुकान. "इथून सगळं दिसतं रे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा मी दीड वर्षात बघितला नव्हता. त्याच वेळी मी टायवाल्याकडे बघितलं तर तो बाबांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी माझा भाव गेला. आता हा माणूस उठून जात नाही, हे त्याला कळलं. घासाघीस करताना उठून जाता आलं पाहिजे, ते एकच हत्यार असतं, आणि ते मी बाबांच्या मांडीवर ठेवून बसलो होतो.

ज्याच्याकडे मी हे हत्यार बघितलं तोच माणूस मागे सोफ्यावर बसलेला. बाबा एका कारखान्यात खरेदी खात्यात होते, आणि घरीही खरेदी खात्यातच असायचे. समोरच्याने दहा म्हटलं की ते चार म्हणायचे. मग दुकानदार हसायचा, चिडायचा, बायकामुलांची आण घ्यायचा. बाबा "राहू दे" म्हणून वळायचे आणि तीन पावलं चालायचे. एक, दोन, तीन, न घाई करता. तिसऱ्या पावलाला हाक यायची. सौदा सातवर पटायचा आणि घरी येताना ते मला म्हणायचे, "मला सातच द्यायचे होते." त्यांचा आकडा घरून निघतानाच ठरलेला असे. मला मात्र त्या तीन पावलांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी सहावीत असताना शाळेच्या बुटांच्या दुकानात त्यांनी तेच केलं. बूट माझ्या पायात होते, नवे, कडक, नाडीचं टोक प्लास्टिकचं. बाबा म्हणाले, काढ रे, आणि वळले. मी जुने बूट घालून त्यांच्या मागे. एक, दोन, तीन. हाक आली नाही. बाबा चौथं पाऊल जरा सावकाश टाकत होते. पाचवं. मी मागे बघितलं तर दुकानदार बूट खोक्यात परत ठेवत होता. आम्ही हात हलवत घरी आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बूट घरी आले. "कसा आला वठणीवर," बाबा आईला म्हणाले. पावती मला बऱ्याच वर्षांनी, आई गेल्यावर तिच्या डब्यात सापडली. पूर्ण किंमत होती. मी ती त्यांना दाखवली नाही. पण घासाघीस म्हटली की अजूनही माझ्या पायात ते जुने बूट येतात.

म्हणून मी उठून न जाता, कागदावर बोट ठेवून भांडतो. किलोमीटरवरून भांडलो. वर्षाला पंधरा हजार कशाला, आम्ही इस्पितळ आणि घर एवढंच जाणार, चार हजारसुद्धा होणार नाहीत, त्याप्रमाणे भाडं कमी करा. टायवाला म्हणाला, "साहेबांना विचारून येतो." आत काचेची खोली होती, तिच्यात साहेब. मला सगळं दिसत होतं. टायवाला आत गेला, साहेब फोनमध्ये काहीतरी दाखवत होता, दोघं हसले, टायवाल्याने साहेबाच्या बशीतलं बिस्किट उचललं, आणि बाहेर येताना दारातच चेहरा लांब केला. "सर, फार प्रयत्न केला." ओरखड्यांवरून भांडलो. वॉकर चढवता-उतरवताना दाराला लागणारच, त्याचे पैसे परत देताना लावणार नाही असं लिहून द्या. "साहेबांना विचारून येतो." गाडी परत घेताना तिची किंमत काय धराल यावरून भांडलो. जितकी ती कमी धरतील तितकं माझं भाडं चढतं, आणि त्यांनी दोन वर्षांत गाडी निम्म्यावर आणून ठेवली होती. "मी हेच काम करतो," मी म्हणालो, "जुन्या मालाची किंमत ठरवायचं. कमी लिहिलेला आकडा मला लांबून कळतो." हे म्हणताना माझे कान गरम झाले. टायवाला पाचव्यांदा आत गेला. कॉफी दोनदा आली, दोनदा गार झाली. एका तरुण जोडप्याला माझ्यासमोर लाल गाडीची किल्ली दिली गेली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, आणि त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला. एवढं वाचून, एवढं मोजून, माझं घोडं तिथेच.

शेवटचा कागद आला तेव्हा भाडं पंचेचाळीस हजार होतं. मला तो आकडा जुळेना. पहिल्या तासात, सगळ्यात आधी, मी गाडीच्या किमतीतच सव्वा लाखाची सूट घेतली होती. टायवाल्याने ती लिहून दिली होती, त्याचा कागद माझ्या फाईलमध्ये होता. मी खिशातून पेन काढून उलट हिशोब केला. सूट कुठेच नव्हती. भाडं त्यांनी छापील पूर्ण किमतीवर लावलं होतं. म्हणजे तासभर मी ज्यासाठी घसा कोरडा केला ती सूट मला दाखवायला होती, लावायला नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय आहे?" मी ओरडलो. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळले. "माणसं आजारी बापाला घेऊन तुमच्या दारात येतात आणि तुम्ही त्यांना शेंडी लावता? सूट द्यायची नसेल तर नाही म्हणा ना! दिली म्हणून सांगायचं आणि खालच्या ओळीत काढून घ्यायची?" टायवाला म्हणाला, "सर, सिस्टिमने आपोआप..." "सिस्टिमला बोलवा इकडे," मी म्हणालो. या वेळी साहेब स्वतः बाहेर आला. त्याने माझी माफी मागितली, कागद फाडला, नवा काढला. भाडं चाळीस. ओरखडे माफ. किलोमीटर तेच राहिले, पण ते मी सोडून दिलं. मी जिंकलो होतो. बाबांच्या आयुष्यभराच्या खरेदीत एवढी मोठी रक्कम कधी सुटली नसेल. पण मला वाईटच वाटत होतं. 'आजारी बाप' हा शब्द मी भर शोरूममध्ये हत्यारासारखा वापरला होता, आणि तो लागला होता. टायवाल्याने पेन पुढे केलं, सही कुठे करायची तिथे फुली मारून दिली.

"किती महिन्यांचं केलंस?"

बाबांनी मागून विचारलं. ते झोपलेले नव्हते. कधीच नव्हते बहुतेक. मी पेन खाली ठेवलं. "चोवीस, बाबा."

"चोवीस," ते म्हणाले. तो आकडा त्यांनी एखाद्या फळासारखा हातात घेऊन बघितला. मग वॉकरला रेटा देऊन ते उठले, सावकाश टेबलापर्यंत आले, आणि माझ्याकडे न बघता टायवाल्याला म्हणाले, "अहो, अठ्ठेचाळीसचा काय भाव?"

टायवाल्याने यंत्रावर बोटं मारली. "तेहतीस बसतील, आजोबा."

"बघ," बाबा मला म्हणाले. "महिन्याला सात हजार वाचतात. तुला कळलं नाही हे? खरेदीला गेलं की सगळे भाव विचारायचे असतात."

"बाबा, पण मध्येच परत करायची झाली तर दंड आहे," मी म्हणालो. "उरलेले हप्ते..." आणि मी काय म्हणतोय ते मला ऐकू आलं.

"तो दंड तुला पडेल," बाबा म्हणाले. "मला नाही." आणि ते हसले, पूर्वी आईला चिडवताना हसायचे तसे. टायवाल्याला हसावं की नाही ते कळेना. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बाबांचा नाही, त्या तीन चौकटींचा, डॉक्टरांच्या अर्ध्या उघड्या दाराचा, सव्वीस वर्षं वजा केलेल्या एकेका वर्षाचा. मी हट्टाने म्हणालो, "चोवीसच ठीक आहे, बाबा. नंतर वाढवता येतं." तो 'नंतर' आता माझ्याच तोंडून आला होता.

"अठ्ठेचाळीस," बाबा म्हणाले.

"तीस करू."

"तीस मिळतं का हो?" त्यांनी टायवाल्याला विचारलं.

"नाही, आजोबा. चोवीस, छत्तीस नाहीतर अठ्ठेचाळीस." साहेबांना विचारायला तो या वेळी गेला नाही.

"मग माझं अठ्ठेचाळीसच. नाहीतर राहू दे." बाबांनी वॉकर दाराकडे वळवला. त्याचा पुढचा पाय फरशीवर टक वाजला. एक. ओली नाही याची खात्री करत त्यांनी पाऊल टाकलं. पुन्हा टक. दोन. त्यांची मान मागून फार बारीक दिसत होती, कॉलर मोठी झाली होती. ते मागे बघणार नव्हते, मला माहीत होतं. आणि हाक आली नाही तर चौथं पाऊल ते जरा सावकाश टाकतील, हेही मला माहीत होतं. वॉकर उचलला गेला.

"छत्तीस!" मी ओरडलो. पलीकडच्या टेबलावरचे लोक पुन्हा वळले. "बाबा, छत्तीस. चला, छत्तीस."

ते थांबले. पाठमोरेच उभे राहिले, थोडा विचार केल्यासारखं दाखवलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "तू म्हणतोस तर छत्तीस."

टायवाल्याने न विचारता नवा कागद काढला. पस्तीस हजार. मी सही केली. गाडी आठ दिवसांनी मिळणार होती, म्हणून घरी परत आमच्या त्या जुन्या, खोल गाडीतच जायचं होतं. त्यांना आत बसवायला पंधरा मिनिटं लागली. मी त्यांच्या काखेत हात घातले, मग कंबरेला धरलं. या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते. मी पट्टा लावत होतो, माझं तोंड त्यांच्या कानाशी होतं, आणि धाप लागलेली असतानाच ते हळूच म्हणाले, "मला छत्तीसच हवे होते."